वरचे घर व खालचे घर

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २२:३, उत्पत्ति १३:१०-१३, १९:१५-२२

शहाणा कोण व भोळा कोण हे सांगताना शलमोनाने ह्या ठिकाणी विद्येची किंवा धनाची गोष्ट काढलेली नाही. अरिष्ट दोघांच्याही वाटेवर आहे. एक ते ओळखून आडोसा गाठतो, दुसरा तसाच पुढे चालतो व त्याचा दंड भरतो. एवढाच काय तो भेद आहे.

हे वचन समजावयास आम्हां कोल्हापूरकडील लोकांस भाष्यकार नको. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्यांचे पाणी प्रयाग चिखलीपाशी मिळून पंचगंगा होते. पाऊस लागला म्हणजे शहरातील लहान मूलदेखील विचारते, "राजाराम बंधाऱ्यावर आज किती फूट?" ३९ फुटांस इशाऱ्याची पातळी म्हणतात व ४३ फुटांस धोक्याची. मध्ये केवळ चार फूट आहेत, आणि शहाण्याचे सारे शहाणपण त्या चार फुटांत करावयाचे असते. इशाऱ्याच्या वेळी अंगण कोरडे असते, चूल पेटलेली असते, म्हातारीस हात धरून नेता येते, म्हशी आपल्या पायांनी चढावर जातात. धोका ओलांडल्यावर नाव लागते.

ऑगस्ट २०१९ मध्ये ते पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर रस्ता शिरोलीपाशी कित्येक दिवस बंद राहिला, आणि शिरोळ तालुक्यातील गावांतून माणसांस नावांनी बाहेर काढावे लागले. पुष्कळांनी घर वेळीच का सोडले नाही? त्यांनी २००५ च्या पुराची खूण धरली होती. तेव्हा पाणी येथवरच आले होते, आताही येथेच थांबेल, असा त्यांचा हिशेब होता. नदीने तो हिशेब मानला नाही. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ती पुन्हा तितकीच चढली.

पापाविषयी मनुष्य असाच हिशेब करतो. मागे प्यालो तरी संसार मोडला नाही. मागे खोटी साक्ष दिली, कोणास कळले नाही. मागे चार महिने उपासनेस गेलो नाही, तरी विश्वास शाबूत राहिला. बंधूंनो, मागल्या खेपेस पाणी उंबऱ्याशी थांबले ती देवाची दया होती. तिला आपण भिंतीवरची खूण करून ठेवावे काय?

परंतु आम्हांस विशेष बोलावयाचे आहे ते ह्याच्या पुढचे. १९८९ च्या पुरानंतर चिखली व आंबेवाडी येथील लोकांस सोनतळी येथे उंचावर जागा नेमून देण्यात आल्या. काहींनी तेथे घरे बांधली. तरीही पुष्कळांचे राहणे जुन्या गावीच राहिले. त्यांस हसण्याचा अधिकार आम्हांस नाही. काळी जमीन खाली, ऊस खाली, गोठा खाली, आजापणज्याचा उंबराही खाली. धार काढावयास पहाटे कोणी किती चालावे? मुक्या जनावरासाठी मागे राहणाऱ्यास शास्त्र मूर्ख म्हणत नाही. आम्ही केवळ दृष्टांत घेतो. वर जागा आहे, ती आपल्या नावावर आहे, पाणी आले तर तेथे जावयाचे हेही ठाऊक आहे; पण चूल खाली पेटते.

आमच्या मंडळ्यांतील अनेक कुटुंबांची ही स्थिती आहे. बाप्तिस्मा झाला आहे, मंडळीच्या वहीत नाव आहे, प्रभूने स्वतःच्या रक्ताने मोल देऊन उंचावर जागा घेऊन दिली आहे. परंतु आठवड्याचे सहा दिवस वस्ती जुन्या गावीच असते. मूल आजारी पडले की प्रार्थना होते व दंडात गंडाही बांधला जातो. प्रभुभोजनास एका ताटातून घेणारे लग्नाच्या पंगतीत पूर्वीची जात विचारतात. ह्या मनुष्यास अविश्वासी म्हणता येत नाही. तो लोटासारखा आहे.

लोटाने काय पाहिले? यार्देनेचे सखल, भरपूर पाण्याचे रान. शेतकऱ्याच्या दृष्टीने निवड वाईट नव्हती. आमच्यापैकी कोणीही तेच शेत मागितले असते. प्रथम त्याने सदोमाच्या बाजूस तंबू दिला, मग आपण त्याला वेशीत बसलेला पाहतो. पेत्र त्याला नीतिमान म्हणतो, हे विसरू नये. नीतिमान मनुष्यही खाली राहू शकतो.

कर्जाची गोष्ट घ्या, कारण ह्या दिवसांत घरोघरी तीच आहे. मुलीच्या लग्नात मांडव मोठा हवा, म्हणून गटाकडून पैसे उचलले. तो हप्ता भरावयास दुसऱ्या गटाचे घेतले, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे. वसुलीचा मनुष्य मंगळवारी दारी येतो, म्हणून बाई मंगळवारी आजारी पडते. राधानगरीच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे कोणाची परवानगी विचारीत नाहीत. पाणी भरले की आपोआप उघडतात. व्याजही तसेच आहे. दुसरे कर्ज काढण्याचा विचार ज्या रात्री आला, ती रात्र ३९ फुटांची होती. तेव्हाच नवराबायकोने दिवा लावून बसावे, सर्व आकडे एका कागदावर लिहावे, लाज बाजूस ठेवून पंचांपैकी एखाद्या विश्वासू वडिलास बोलवावे. मांडव लहान झाला म्हणून कोणाचे लग्न मोडल्याचे आम्ही ऐकले नाही.

उपदेशकबंधूंस येथे एक विनंती आहे. अशा घरी गेल्यावर प्रथम दोष काढू नका. सदोमात दूतांनी काय केले ते पाहा. पहाट झाली, लोटास निघण्याची घाई केली, तरी तो रेंगाळला. तेव्हा त्यांनी त्याला व्याख्यान दिले नाही. परमेश्वराला त्याची करुणा आली म्हणून त्यांनी त्याचा, त्याच्या बायकोचा व दोघी मुलींचा हात धरला आणि नगराबाहेर आणून उभे केले. एवढे होऊनही लोट घासाघीस करीतच होता. डोंगरावर जावयाचे त्याला भय वाटले. जवळचे लहानसे गाव चालेल काय, असे त्याने विचारले. आणि त्याची तीही विनंती मान्य झाली. एखादे कुटुंब आज सर्व कर्ज फेडू शकत नसेल, पण तिसरे न काढण्याचे वचन देत असेल, तर त्यांस तेवढ्या सोअरापर्यंत पोहोचवा, आणि पुढल्या मंगळवारी, वसुलीचा मनुष्य येण्यापूर्वी, तुम्ही त्यांच्या दारी जाऊन बसा.