रिकामं भांडं परत जात नाही

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककुलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं १० आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटलेल्या पाचेक गोष्टी लिहायच्या; दुसऱ्यानं त्रासाच्या; तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या. पहिला गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी दिसला. त्रास लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांनी व्यायामही जास्त केला!

पण कृतज्ञ असणं वेगळं आणि ‘सगळं छान आहे’ असं मनाला बजावणं वेगळं. घरात आजारपण असताना, पैशांची ओढाताण असताना ते खोटंच वाटतं. कृतज्ञतेला दुःख नाकारावं लागत नाही. कर्जाचा हप्ता थकलेला असतो आणि त्याच दिवशी शेजारच्या काकूंनी आजारी आईसाठी गरम पेज पाठवलेली असते. दोन्ही खरं. हप्ता आपोआप आठवतो, पेज मुद्दाम आठवावी लागते.

आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. किती शहाणी रीत आहे ही! कृतज्ञतेचंही तसंच. आज रात्री वहीत अशी एखादी गोष्ट लिहिलीत, तर ती ज्यानं केली त्या माणसाचं नावही लिहा. आणि उद्या त्याला सांगा.