भूतदया : कळवळा आणि कष्ट



भूतदया हा शब्द आपल्या संप्रदायात लहान पोरालाही ठाऊक आहे. गळ्यात माळ पडते त्या दिवसापासून आपण अभक्ष्यभक्षण सोडतो, त्याच्या मुळाशी हीच भूतदया आहे. कीर्तनात हा शब्द आला की माना डोलतात. पण कोणी उभे राहून विचारले, 'महाराज, भूतदया म्हणजे नेमके करायचे काय?' तर पुष्कळांचे उत्तर 'कोणाला मारू नये' एवढ्यावरच थांबते. अहो, मारू नये ही झाली अर्धी दया. मेलेल्या वाटेला लागलेला जीव आपण मारला नाही खरा. पण तो मरताना आपण पाहात राहिलो, तर दया कोठे राहिली?

संतांच्या चरित्रात ही दुसरी अर्धी दया जागोजाग दिसते. नाथमहाराजांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात गंगोदक घातले, ही कथा आपण नेहमी सांगतो. सांगताना नाथांचा कळवळा सांगतो. परंतु ती कावड काशीहून खांद्यावर वाहून आणलेली होती, रामेश्वराला घालावयाची होती, हे श्रम लक्षात घेत नाही. एवढ्या श्रमांचे फळ त्यांनी एका गाढवाच्या घशात ओतले. नामदेवराय भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले. नुसते 'बिचारा कोरडी खाईल' म्हणून हळहळले नाहीत, धावले. आणि ज्ञानोबारायांची तर गोष्टच निराळी. पैठणास रेड्याच्या पाठीवर आसूड पडले आणि वळ माउलींच्या अंगावर उठले असे चरित्रकार सांगतात. तात्पर्य, कळवळा अंतःकरणात उपजतो, पण त्याची ओळख देहाच्या कष्टावरून पटते.

हा सिद्धांत मनावर ठसावा म्हणून आज एक दूरदेशीचा दृष्टांत घेऊ. दृष्टांत परका आहे, पण खरा घडलेला आहे.

आपल्यापैकी बर्फ पाहिलेला तो बद्रीकेदार करून आलेला. आणि त्यानेही पाहिला तो उन्हाळ्यातला उरलासुरला. हिवाळ्यात केदारनाथाची दारे मिटतात, देवाची चलमूर्ती खाली उखीमठास आणतात, वर कोणी राहात नाही. तसल्याच हिवाळ्याचा एक मुलूख कॅनडा देशात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे. तेथे दोन पर्वतरांगांच्या मधल्या खोऱ्यात फ्रेझर नदीच्या काठी मॅकब्राइड नावाचे गाव आहे. गाव म्हणजे किती मोठे? सुमारे सहाशे वस्तीचे. आपल्या वारीतल्या दोन-तीन दिंड्या एकत्र केल्या तर त्या गावापेक्षा माणसे जास्त भरतील.

२००८ सालच्या सप्टेंबरात एक गृहस्थ ओझ्याचे घोडे घेऊन त्या गावाजवळच्या माउंट रेनशॉ नावाच्या डोंगरात गेला. वाट बिकट निघाली, घोडे दलदलीत अडकले, आणि शेवटी तो त्यांना तेथेच सोडून खाली आला. दोन जीव होते. एक घोडी, तिचे नाव बेल. एक घोडा, त्याचे नाव सनडान्स. पुढे हिवाळा उतरला. बर्फ पडू लागला तो थांबेना. गुडघाभर झाला, पोटाला लागला, डोक्यावर गेला. घोड्याचे असे असते, की वीतभर बर्फ असला तर तो खुराने उकरून खालचे गवत खातो. पण बर्फ पोटाला टेकला की पाय रोवायला जमीनच मिळत नाही. जितकी धडपड करावी तितका जीव थकतो. मग ती दोन्ही जनावरे एका जागी उभी राहिली. तुडवून तुडवून तेवढीच जागा मोकळी झाली, आणि भोवती बर्फाच्या भिंती. खायला काही नाही. भुकेने त्यांनी एकमेकांच्या शेपट्यांचे केस खाल्ले. मंडळी, सप्टेंबर ते डिसेंबर! आपला एकादशीचा उपवास द्वादशीला सुटतो. त्यांचा सुटायचे चिन्ह नव्हते.

डिसेंबरच्या मध्याला बर्फावर चालणाऱ्या मोटरी घेऊन वर गेलेल्या गावकऱ्यांच्या नजरेस ही जनावरे पडली. हाडांचे सापळे, पण उभे. आता काय करावे? गोळी घालून त्यांचे हाल संपवावे, हाही विचार निघाला. आणि तो दुष्टपणाचा नव्हता, त्या देशात असाध्य झालेल्या जनावराला असेच सोडवतात. परंतु त्या जनावरांच्या डोळ्यांत अजून जगण्याची इच्छा आहे असे पाहणाऱ्यांना वाटले. गोळीऐवजी त्यांच्यापुढे गवत पडले.

येथे थोडे थांबा. कळवळ्याची पहिली परीक्षा या ठिकाणी आहे. दुःख पाहवत नाही, म्हणून माणूस काय करतो? बहुधा दुःख डोळ्यांआड करतो. कोणी तोंड फिरवतो, कोणी 'त्याचे प्रारब्ध' म्हणतो. जनावराची वेदना संपावी असे वाटणे आणि आपल्याला होणारा त्रास संपावा असे वाटणे, ही दोन निराळी आहेत. पहिली दया, दुसरी सोय. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. म्हणून साधकाने आपले मन येथे बारकाईने पाहावे.

गवत घातले, पुढे काय? उपाशी जनावराला एकदम पोटभर घातले तर तेच त्याच्या जिवावर बेतते. म्हणून माप लावून थोडे थोडे द्यावे लागले. अंगावर उबदार झुली घातल्या. पण खाऊ घालून तेथेच ठेवणार किती दिवस? खाली आणलेच पाहिजे. नव्याने तुडवलेला बर्फ माणसाला पेलतो, घोड्याला पेलत नाही. बर्फावरच्या मोटरी दोन माणसांपुरत्या. त्यावर घोडा चढत नाही. मग एकच उपाय उरला. जेथे मोटरींच्या नित्याच्या येण्याजाण्याने बर्फ दबून पक्का झाला होता, त्या वाटेपर्यंत चर खणायचा. किती लांब? सुमारे एक किलोमीटर. किती खोल? सहा फूट, म्हणजे पुरुषभर. कशाने? फावड्याने!

आणि थंडी कसली? पाणी जेथे गोठते त्याच्याही खाली तीस-तीस, चाळीस-चाळीस अंश. अशा थंडीत खणताना घाम आला तरी भय, कारण घामाने भिजलेले कपडे थांबल्याबरोबर अंगावर गोठू लागतात; आणि थांबून राहिले तर बोटे बधिर होतात. गावातली माणसे रोज आपापली कामे सांभाळून, मोटरीवरून कोसच्या कोस वर जायची, दिवसभर खणायची, अंधार पडला की परतायची. पुरुष होते, बायका होत्या. कोणी खणी, कोणी गवत पोचवी, कोणी जनावरांजवळ राही. त्यांना हुकूम कोणाचा नव्हता, मजुरी नव्हती, आणि घोडे तर त्यांचे नव्हतेच. असा आठवडा गेला. २३ डिसेंबरला, त्यांच्या नाताळाच्या सणाला दोन दिवस राहिले असता, चर वाटेला मिळाला. दोर धरून दोन्ही घोडी त्या अरुंद घळीतून एकामागे एक चालवत बाहेर काढली, आणि मग सुमारे तीस किलोमीटर पायी उतरवून खाली आणली. पुढे त्यांना प्रिन्स जॉर्ज या शहरी नेऊन औषधपाणी केले. दोन्ही जगली.

आता या दृष्टांतातून आपण काय घ्यायचे ते पाहू.

पहिली गोष्ट वाटेची. त्या गावकऱ्यांनी घोडे उचलले नाहीत; उचलणे त्यांच्या शक्तीबाहेर होते. त्यांनी वाट केली. घोडे आपल्या पायांनी चालत आले. आपण वारकरी, वाटेचे मोल आपल्याला कोणी सांगायला नको. संतांनी तरी आपल्यासाठी दुसरे काय केले? वेदांचा अर्थ डोंगराएवढा साचला होता आणि त्यात स्त्रीशूद्रादि जीव कोंडले होते. माउलींनी मराठीत वाट खणली. चालायचे आपल्यालाच आहे, पण चालण्याजोगी वाट त्यांनी केली.

दुसरी गोष्ट संगतीची. एकट्या माणसाने एक किलोमीटर चर खणला असता तर घोडे आधीच गेले असते. दहा हात लागले म्हणून काम झाले. दिंडीचेही तसेच आहे. एकाच्याने वीणा, टाळ, मृदंग, पाणी, तंबू सारे होत नाही. ज्याला जे येते ते त्याने करायचे, आणि कोणी किती केले हे विचारायचे नाही.

येथे कोणी शंका घेईल, 'महाराज, जगात माणसे उपाशी आहेत. दोन घोड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला?' शंका रास्त आहे. समाधान असे, की दया मोजदाद करून निघत नाही. जो जीव पुढ्यात आला तो आपल्या वाटणीचा. नाथांनी गाढव पाहून 'आधी सगळ्या तहानलेल्या माणसांचा हिशेब करू' असे म्हटले नाही. आणि अनुभव असा आहे, की जनावरासाठी ज्याचा हात निघतो त्याचा माणसासाठीही निघतो. जो जनावराच्या वेळी हिशेब काढतो, तो माणसाच्या वेळीही दुसरा हिशेब काढतो.

दुसरी शंका अशी, 'ते लोक कोठे विठोबाचे नाम घेत होते?' नसतील घेत. पण प्राणिमात्रांनी एकमेकांचे जिवलग व्हावे हेच माउलींनी पसायदानात मागितले ना? ते मागणे काही आळंदीच्या शिवेपुरते नव्हते. गजेंद्राने हाक मारली तेव्हा भगवंत स्वतः धावला. त्या डोंगरात घोड्यांना हाक मारायला वाणीही नव्हती, तरी हरि गावकऱ्यांच्या पायांनी धावला, असे आपण समजावे. याचा अर्थ नाम सोडावे असा मुळीच नाही. नाम हे आपले जीवनच आहे. पण नामाने चित्त मऊ झाले की नाही, हे पुढ्यात जीव अडकलेला असताना कळते.

आता तो गृहस्थ, ज्याने घोडे सोडले. पुढे त्याच्यावर प्राण्यांना क्लेश दिल्याबद्दल खटला चालला. त्याचे नाव घेण्याचे आपल्याला कारण नाही. गावकरी त्याच्यावर रागावले असतील. पण राग येऊनही त्यांनी फावडे खाली ठेवले नाही. आधी जीव सोडवला, न्याय मागाहून झाला. आपले उलटे असते. विहिरीत वासरू पडले की पहिला तास 'कठडा कोणी बांधला नाही' या भांडणात जातो, आणि वासरू खाली पोहत असते.

आणि खरे सांगू का? त्या गृहस्थाला बोल लावण्याआधी आपल्या गोठ्यात डोकावून यावे. बेंदराला, पोळ्याला आपण बैलाची खांदेमळणी करतो, शिंगे रंगवतो, पुरणपोळी घालतो. तोच बैल म्हातारा झाला, औताला उपयोगी पडेना, म्हणजे त्याचे काय होते? दुष्काळ पडला, कडबा महागला, की दावे सोडून जनावर रानात हाकलून देणारे आपल्यातच आहेत ना? आपल्याकडे बर्फ पडत नाही. पण चैत्र-वैशाखातले माळरान, पाणवठा आटलेला, आणि धन्याने सोडलेले जनावर, हा सुद्धा माउंट रेनशॉच आहे.

वारीत माउलींचा अश्व रिंगणात धावतो. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीस येतात, आणि रिंगण झाले की त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावायला आपण झुंबड करतो. अश्वावर कोणी स्वार दिसत नाही, तरी माउली बसली आहे हा आपला भाव. चांगला भाव आहे. मग तीच माउली दिंडीच्या गाडीला जुंपलेल्या बैलात नाही काय? टांग्याच्या हडकुळ्या घोड्यात नाही काय? एकात पाहावी आणि दुसऱ्यात पाहू नये, हा भाव अपुरा राहिला.

म्हणून येत्या वारीपासून एवढे तरी करावे. मुक्कामाला पोचल्यावर आपण पाणी पिण्याआधी जुंपलेल्या जनावराला पाणी दाखवावे. बैलाचा खांदा सुजला असेल तर त्या दिवशी त्याला जुंपू नये. ओझे आपण वाटून घ्यावे. गावी म्हाताऱ्या जनावराला दावणीवर शेवटचा घास मिळावा. एका घराला झेपत नसेल तर भजनी मंडळाने चार पेंढ्या गोळा कराव्या. आणि कोठे जनावर अडकल्याची हाक आली, तर टाळ बाजूला ठेवून दोर धरायला जावे. मुखातले नाम थांबवू नये. दोर ओढतानाही विठ्ठल विठ्ठल म्हणता येते, आणि ओढ त्याने एकसारखी लागते.

पांडुरंगाने आपल्या चित्तात कळवळा द्यावा, आणि त्या कळवळ्याला साजेसे बळ हातात द्यावे, एवढे त्याच्या चरणी मागणे मागून ही सेवा पुरी करतो.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम!