पाच टक्क्यांची हमी

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत एका कोष्ट्याच्या घरी गेलो, तेव्हा हातमागाआधी मागाखालचा खड्डाच डोळ्यांत भरला. विणकर त्यात पाय सोडून बसला की दिवसभर हलत नाही. धावतो तो धोटा. भांडवलही तसंच धावतं.

परकीय भांडवल म्हटलं की आपल्याला १९९१ आठवतं. विदर्भात ते त्याआधी सव्वाशे वर्षं रुळांवरून आलं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. पैसा लंडनचा आणि त्यावर सरकारची ५ टक्क्यांची हमी. नफा कमी पडला तर तूट इथल्या महसुलातून भरायची, म्हणजे बरीचशी शेतसाऱ्यातूनच. त्याच गाडीनं मँचेस्टरचं कापड आणलं. पवनीच्या रेशीमकाठी कापडाला हमी कसली? गिरणीचं स्वस्त सूतही याच वाटेनं आलं आणि त्यावर काही माग तगले, हेही सांगायला हवं.

तुमसरकडच्या चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजचा मामला असाच. खाणी भंडाऱ्याच्या, कंपनी ब्रिटिश. १९६२ साली तिची मॉईल ही नवी कंपनी झाली, ५१ टक्के वाटा केंद्र आणि राज्य सरकारांकडे आला. उरलेले ४९ टक्के सुटायला १९७७ उजाडलं.

मला परक्या पैशाचं वावडं नाही. तो कारखाना होऊन जमिनीत रुतला तर त्याला पळणं अवघड जातं. शेअर आणि रोख्यांतला पैसा रातोरात उठतो. रुपया भांडवली व्यवहारांसाठीही टप्प्याटप्प्यानं परिवर्तनीय करावा, असा अहवाल रिझर्व्ह बँकेच्या तारापोर समितीनं १९९७च्या मे अखेरीस दिला. महिनाभरात, २ जुलैला, थायलंडचं चलन बाथ कोसळलं. आपण थांबलो, ते बरंच झालं.

पण स्वदेशी पैसा तरी कुठं सोवळा? पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींनी केली. ३७२ कोटींचं काम १८ हजार कोटींच्या वर गेलं. वाढत्या खर्चाला दरवेळी सुधारित मान्यता मिळाली. बुडीतातल्या माणसांना मोबदल्यासाठी मोर्चे काढावे लागले.

सुताचे भाव वाढले की काय करता, असं मी त्या कोष्ट्याला विचारलं. धोटा न थांबवता तो म्हणाला, ‘‘धानाले हमीभाव हाये जी. लुगड्याले कोन देते?’’