रिकामा माळ

गेल्या वैशाखात आप्पांचे बोलावणे आले म्हणून गावी गेलो होतो. आप्पा माझे चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी वडील. आमचे गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेजवळ आहे. एका अंगाला मीना नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाला घोड नदीचे. आणि मधल्या डोंगरधारेच्या उतारावर आमच्या घराण्याचा अठरा एकरांचा माळ. सातबाऱ्यावर नावे दोन, आप्पांचे आणि माझे. नोकरीपायी मी चाळीस वर्षे पुण्यात काढली. त्या माळावरची गवताची काडीसुद्धा मी कधी उपटलेली नाही. तरी कागदावर निम्मा माळ माझा आहे आणि माझ्या सहीवाचून तो विकता येत नाही. बोलावणे आले होते ते त्या सहीसाठी.

पुण्याहून एक दलाल येऊन गेला होता. आजूबाजूच्या शंभर-सव्वाशे एकरांबरोबर आमचा माळ कोणाला तरी गोल्फच्या मैदानासाठी हवा होता. मी पोचलो त्या दिवशी तो पुन्हा आला. माणूस सभ्य होता, बोलणे मऊ होते. त्याने एक रंगीत नकाशा ओट्यावर पसरला आणि सांगितले, "कुणाचं घर उठवायचं नाही, कुणाचं पीक मोडायचं नाही. रिकामा माळ आहे, त्यावर हिरवळ होईल. वाईट काय आहे त्यात?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. आज, पाच महिन्यांनी, देऊ पाहत आहे. पण ते जसजसे शोधत गेलो, तसतसा तो प्रश्न दलालाकडून वळून माझ्याचकडे आला.

दलाल खोटे बोलत नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. राज्याची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली 2020 साली आली. तिच्यात शेती विभागात कोणकोणते वापर चालतील याची यादी आहे. शेती आहे, गुरांचे गोठे आहेत, कुक्कुटपालन आहे, रोपवाटिका आहे. आणि त्याच यादीत गोल्फचे मैदानही आहे. नियम करणाऱ्याचा हिशेब सरळ असावा. गोल्फला इमारत थोडी आणि मोकळी जमीन फार लागते. शेतीलाही मोकळी जमीन लागते. म्हणून दोन्ही एका रंगात बसतात. नकाशावर दोन्ही हिरवीच दिसतात. 1:5 पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम करू नये, हेही नियमाला कळते. जमिनीचा चढ त्याला मोजता येतो. त्या जमिनीवरून कोण चालते, हे मात्र त्याला विचारता येत नाही.

संध्याकाळी मी एकटाच माळावर गेलो. वैशाख सरत आला होता. कोकणात उतरलेले धनगर याच सुमारास परत घाट चढून येतात. पारनेरकडचे हे लोक दिवाळी झाली की मेंढरे घेऊन पश्चिमेला निघतात आणि पावसाच्या तोंडाशी घरी वळतात. त्यांचा एक वाडा आमच्या माळावर उतरला होता. घोड्यावरून बिऱ्हाड उतरवून बायकांनी तीन दगडांची चूल मांडली होती. मेंढरे खालच्या वावरात बसवली होती. रात्रभराच्या लेंड्यांच्या बदल्यात वावराचा मालक त्यांना धान्य देणार होता. माळाच्या वरच्या कडेने एक पायवाट जाते. तिच्यावरून पलीकडच्या वाडीतली पोरे शाळेला येतात आणि बाया सरपण आणतात. ओढ्याच्या काठी एक शेंदूर लावलेला दगड आहे. आषाढात त्याला नारळ फुटतो. यातल्या एकाचीही नोंद सातबाऱ्यावर नाही. सातबाऱ्यात 'इतर अधिकार' असा एक रकाना असतो. आमच्या उताऱ्यावर त्यात सोसायटीचे कर्ज लिहिलेले आहे.

तेव्हा मला वाटले की 'रिकामा' हा शब्द जमिनीचे वर्णन करीतच नाही. तो पाहणाऱ्याचे वर्णन करतो. आपल्या जुन्या गावांनीही जमिनीची वाटणी केली होती. पांढरी राहण्याची, काळी पिकवण्याची, गायरान सर्वांच्या गुरांचे, देवराई देवाची. ही वाटणी न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. पांढरीतसुद्धा कोणाला गावकुसाबाहेर ठेवले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कोणतीही जमीन 'काहीच नाही' या नावाची नव्हती. जुन्नरच्या लेण्यांतला एक शिलालेख मला या संदर्भात फार बोलका वाटतो. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी एका शकाने तिथे दान कोरून ठेवले आहे: वीस निवर्तने जमीन करंजाची झाडे लावण्यासाठी, नऊ निवर्तने वडांसाठी. परदेशातून आलेल्या त्या माणसाला जमीन राखून ठेवावीशी वाटली ती सावलीसाठी. वडाच्या सावलीला फाटक लावता येत नाही. तिथे कोण बसेल, हे दात्याने ठरवलेले नसते.

आता खेळाकडे वळतो. कारण खेळाचा दुस्वास करणे हा माझा हेतू नाही. माणसाने पोटापलीकडे काही करूच नये, असे म्हणणारी नीती मला कोरडी वाटते. आळंदीच्या वाटेवर वारकरी फुगड्या घालतात, तेव्हाही जमीन खेळासाठीच वापरली जाते. आणि गोल्फची जन्मकथा तर फार गमतीची आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज गावाजवळ वाळूचा एक माळ आहे. पिकाला तो निरुपयोगी, म्हणून गावाच्या सामाईक वापराचा. 1552 साली तिथल्या धर्मगुरूने एका सनदेने मान्य केले की या माळावर गावकऱ्यांनी गोल्फ खेळावा, चेंडू खेळावा. हा त्यांचा हक्क आहे. ससे पाळण्याची गोष्टही त्याच सनदेत होती. गवत छाटत ते ससे आणि मेंढरे. मैदानातले वाळूचे खड्डे मेंढरांनी वाऱ्यापासून आडोसा घेताना झाले, असेही सांगतात. पुढे 1797 साली कर्जबाजारी झालेल्या नगराने तो माळ सशांच्या व्यापाऱ्यांना देऊन टाकला, तेव्हा गोल्फ खेळणारे लोक वर्षानुवर्षे कोर्टात भांडले. म्हणजे हा खेळ गायरानावर जन्मला, आणि एकदा तर गायरानाच्या बाजूने लढलासुद्धा. आमच्या माळावर तो यायचा, तर धनगराला आधी निघावे लागणार. जन्मताना ज्याच्या मेंढरांनी त्याचे अंगण झाडले, त्यालाच दाराबाहेर काढायचे. बदलला तो खेळ नव्हे, त्याच्याभोवतीचे कुंपण बदलले. गोल्फचा खळगा सव्वाचार इंच रुंदीचा असतो. तेवढ्या अठरा खळग्यांसाठी सव्वाशे-दीडशे एकरांना फाटक लागते.

हे सारे मी रात्री आप्पांना सांगितले. शिवाय पाण्याचा हिशेब मांडला. एक हेक्टर हिरवळीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले आणि तीस हेक्टर हिरवळ धरली, तर दिवसाला पंधरा लाख लिटर. खेड्यातल्या माणसाला दिवसाला पंचावन्न लिटर हे सरकारचे माप आहे. म्हणजे सत्तावीस हजार माणसांचे पाणी. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आदिवासी वाड्यांतल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरतात, आणि त्याच धरणाचे पाणी कालव्याने पार पूर्वेच्या तालुक्यांत जाते. त्या धरणात आंबेगाव हे गावच बुडाले. तालुक्याला मात्र त्याचे नाव राहिले.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "ऊस काय कमी पितो? खालच्या सगळ्या शिवारात ऊस आहे. त्याच्यात बिबटे वस्तीला आले. तेव्हा तू काही लिहिलं नाहीस."

मी गप्प राहिलो.

"तुझं पोट पगारावर भरलं," ते पुढे म्हणाले. "तुला माळ म्हणजे लहानपण. मला माळ म्हणजे कुसळं. थोरला पस्तिशीचा झाला. या अठरा एकरांकडं बघून त्याला मुलगी कोण देतं? धनगर वर्षातून दोन रात्री येतो. मी बाराही महिने हितंच हाय. त्याचा विचार तू करतोस, चांगलं आहे. माझा कुणी करायचा?"

या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते मला झोंबले. माझा नकार मला एका पैशालाही पडणार नव्हता. त्याची सगळी किंमत आप्पांनी मोजायची आणि नीतिमान मी ठरायचे! शहरात राहून खेड्याने जसेच्या तसे राहावे असा आग्रह धरणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. पश्चिम घाटाविषयी गाडगीळ समितीचा अहवाल 2011 साली आला. कुठे काय व्हावे याचा निर्णय ग्रामसभेपासून वर जावा, असे त्यात आग्रहाने म्हटले होते. आम्ही शहरवाल्यांनी त्यातले निर्बंध तेवढे उचलून धरले आणि ग्रामसभा विसरलो. उलट बाजूलाही तीच विस्मृती आहे. याच जिल्ह्यात मुळशीच्या डोंगरांत, 1996 च्या गिरिस्थान नियमांच्या आधाराने, लवासा उभे राहिले. 2010 साली केंद्राच्या पर्यावरण खात्याने काम थांबवण्याची नोटीस दिली, तोवर डोंगर कापून झाले होते. गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल गावात गोल्फच्या मैदानाचा वाद झाला, तेव्हा काजूच्या बागांवर कुळांचे हक्क काय, हा प्रश्न न्यायालयाच्या दारात गेला. दोन्हीकडे नियम होते. पण तिथे आधीपासून असलेल्या माणसाला विचारण्याची पाळी फार उशिरा आली.

मग मला पडकई आठवली. आमच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाच्या गावांत, महादेव कोळी लोक उन्हाळ्यात एकत्र येऊन उतारावर भाताची खाचरे काढतात. दगड फोडतात, बांध घालतात, माती अडवतात. आज एकाचे खाचर, उद्या दुसऱ्याचे. डोंगराचा आकार तेही बदलतात. तेव्हा जमिनीला हात लावू नये, असा काही नैतिक नियम नाही. फरक इतकाच की पडकईत ज्याच्या घामाने जमीन बदलते, तोच तिच्यावर उभा राहतो. आणि जवळून जाणाऱ्याची वाट बंद होत नाही.

म्हणून मला वाटते, अशा मैदानांसाठी नियम करायचेच असतील तर गवताची जात आणि इमारतीची उंची यांच्याआधी तीन प्रश्न विचारावेत. आजवर इथून कोण जात होते, आणि उद्या जाईल का? पाणी कोणाच्या हंड्यातून येणार? गाव वापरून सोडून देते त्या सांडपाण्यावर हिरवळ जगत असेल तर गोष्ट वेगळी. आणि मैदानाच्या आडून बंगल्यांचे प्लॉट तर यायचे नाहीत ना? हे प्रश्न मोठ्या क्रांतीचे नाहीत. 1966 च्या महसूल संहितेत 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या एका नोंदवहीची तरतूद आहे. गावातले वहिवाटीचे, वाटेचे आणि पाण्याचे रूढ हक्क तिच्यात लिहून ठेवावेत अशी. कायद्याला एके काळी हे सुचले होते. आपण ते पान उघडत नाही, एवढेच.

पण नियमांवर लिहून माझी सुटका होत नव्हती. सही करू, की नको? आठ दिवसांनी मी आप्पांना सांगितले, "मी विक्रीच्या कागदावर सही करीत नाही. पण तुम्हांला अडवतही नाही. माझ्या हिश्शाचे हक्कसोडपत्र तुमच्या नावे करून देतो. मग माळ तुमचा, निर्णयही तुमचा. माझं मागणं एकच: विकलात, तर खरेदीखतात वरची पायवाट आणि धनगरांचा मुक्काम लिहून घ्या."

आप्पा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग त्यांनी विचारले, "लिहून घेईन. पण कुणाच्या नावावर लिहायचं?"

मला उत्तर सुचले नाही. हक्कसोडपत्राची नोंदणी भाद्रपदात झाली. मी निर्मळ झालो असे मुळीच वाटत नाही. जबाबदारी झटकली की जागच्या जागी पोचवली, याचा निवाडा मनाने अजून केलेला नाही. आप्पांनी दलालाला अजून होकारही दिलेला नाही, नकारही नाही. "दिवाळीनंतर बघू," म्हणाले. दिवाळीनंतर धनगर कोकणात उतरायला निघतील. त्यांचा म्होरक्या माळावर आला की त्याला त्याचे पूर्ण नाव विचारून घ्यायचे, असे आप्पांनी मला कळवले आहे. इतकी वर्षे ते आमच्या माळावर उतरतात, पण ते नाव आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही.