झाशीला जायचं ठरलं नव्हतं

नॉर्दर्न लाइट्स बघायला जायचं, असं हल्ली बऱ्याच मराठी घरांत ठरतं. नॉर्वेतलं ट्रॉम्सो की फिनलंडमधलं रोव्हानिएमी, सप्टेंबर की फेब्रुवारी, थर्मल कुठून घ्यायचे, व्हिसाला किती दिवस धरायचे, याची रात्र रात्र चर्चा होते. आणि पैसे भरायची वेळ आली की हमखास विचारलं जातं, ‘दिसतीलच ना?’

प्रामाणिक उत्तर असं की, सांगता येत नाही. सूर्यावरून निघालेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात सापडतात आणि ध्रुवांकडच्या वातावरणात, शंभर किलोमीटरच्याही वर, ऑक्सिजन-नायट्रोजनला धडकतात, तेव्हा आकाश हिरवं-तांबडं होतं. सूर्याची सक्रियता साधारण ११ वर्षांच्या चक्रात वरखाली होते. त्यातून रात्र अंधारी हवी आणि आभाळ मोकळं. सगळ्या रात्री ढगांखाली काढून परतणारेही असतात, आणि घरी आल्यावर ते म्हणतात, पैसे पाण्यात गेले. या वाक्याने मला फार वाईट वाटतं.

पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे असाच एक बेत आखून निघाले होते. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, लाखोंचा खर्च होणार, ही वार्ता कोकणात पोचली. दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल, एवढाच हिशेब. घरच्यांचं मन तयार होत नव्हतं. त्यांची समजूत काढून, परवानगी घेऊन १८५७ साली ते काका रामभटांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेत भेटलेल्या शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली, तरी ते पुढे गेले.

यज्ञ बाजूलाच राहिला आणि विष्णुभट झाशीत येऊन पोचले. राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय मिळाला. राणीचा व्यायाम, घोडेस्वारी, रोजचा कारभार विष्णुभटांनी जवळून पाहिला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या इंग्रज फौजेने वेढा घातला, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडलं. कत्तल, लूट, आगी. जपून ठेवलेल्या ग्रंथांची धूळधाण झाली, तीही त्यांनी नोंदवली आहे. एका भिक्षुकाला पोथ्यांचा तो नाश किती लागला असेल!

पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी पुन्हा राणीसाहेब दिसल्या. पठाणी वेश, अंगभर धूळ, तहानेने सुकलेला चेहरा. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर त्यांनी थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी ओढू नका, अशा अर्थाचं काही त्या म्हणाल्या आणि दोर-मडकं घेऊन स्वतःच पाणी शेंदलं. राज्य गेलेलं, पाठीवर फौज, आणि तरीही समोरच्या माणसाचा मान राखायचं भान सुटलेलं नाही. हे पाहायला कुणी वरसईहून निघालं नव्हतं.

जमवलेला पैसा वाटेत लुटला गेला. घरी पोचली ती गंगेची कावड. १८८३ मध्ये चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हा सगळा वृत्तान्त लिहिला आणि १९०७ साली तो ‘माझा प्रवास’ म्हणून छापला गेला. लढाई आणि सहल एका मापाने मोजायची नाही, हे मला कळतं. पण ठरवलेलं हुकलं म्हणून जे समोर आलं त्याकडे त्या माणसाने पाठ फिरवली नाही, हे प्रवासाला निघणाऱ्या कुणालाही घेण्यासारखं आहे.

आता पुन्हा त्या प्रकाशाकडे. झाशी पडल्यानंतर दीडेक वर्षाने, २ सप्टेंबर १८५९ रोजी, सूर्यावरून आलेल्या मोठ्या वादळामुळे मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची नोंद एकाएकी कमालीची खाली घसरली. त्याच वादळात क्यूबासारख्या उष्ण मुलखातही असल्याच प्रकाशाने रात्रीचं आकाश उजळलं होतं. कुलाब्यातले निरीक्षक उपकरणाला डोळा लावून आकडे लिहीत राहिले. त्या वादळाची तीव्रता किती होती याचा अंदाज बांधताना आजचे शास्त्रज्ञ त्याच आकड्यांकडे वळतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही चुंबकीय नोंद अलिबागला हलली, तीही वरसईच्याच जिल्ह्यात.

म्हणून बेत आखणाऱ्यांना माझी विनंती आहे. ‘दिसतीलच ना?’ विचाराल, तेव्हा तिथे कोण राहतं हेही विचारा. त्या उत्तरेत रेनडिअर पाळणारे सामी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्या प्रकाशासमोर शिट्टी वाजवू नये, असं त्यांच्यातले जुने लोक मानत. ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही, तरी शाळा भरतात. इतक्या अंधारात लेकरं शाळेत कशी जातात, हे तिथल्या एखाद्या आईला ढगाळ रात्रीही विचारता येतं. आणि आईवडील मागे घरी राहणार असतील, तर नुसते फोटो पाठवून मोकळे होऊ नका. परतल्यावर त्यांच्याजवळ निवांत बसून सगळं सांगा, न दिसलेल्या रात्रींसकट.