नाटकदीप आणि गार्नेटचा पापुद्रा

चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’त ‘नाटकदीप’ नावाचे एक प्रकरण आहे. नाट्यशाळेतला दिवा यजमान, सभाजन आणि नर्तकी यांना सारखाच उजळतो आणि ती मंडळी निघून गेल्यावरही तेवत राहतो. साक्षी चैतन्य, म्हणजे अनुभवात न गुंतता तो प्रकट करणारे आत्मतत्त्व, तसेच असते, असा त्या दृष्टान्ताचा आशय आहे. उजेड वस्तू दाखवतो, तिच्यात काही करत नाही, हे त्यात न बोलता धरलेले आहे.

तेवढेच आज वादग्रस्त ठरते. चुंबकीय क्षेत्रातील काचेतून जाताना प्रकाशाचे ध्रुवणप्रतल, म्हणजे लहर ज्या पातळीत आंदोलते ती पातळी, वळते, हे मायकेल फॅरडे यांनी 1845 मध्ये दाखवले; तिथे चुंबक प्रकाशावर काम करत होता. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात भूमिका उलटल्या. कोबाल्ट मिसळलेल्या इट्रियम-लोह गार्नेटच्या, काही मायक्रोमीटर जाडीच्या पारदर्शक पापुद्र्यावर लेसरचा एकच अतिसूक्ष्म स्पंद पडला की कोबाल्टच्या आयनांतील इलेक्ट्रॉन तो शोषतात, चुंबकन ज्या दिशेला सहज स्थिरावते तो ‘सुलभ अक्ष’ ढळतो आणि चुंबकन नव्या दिशेला वळून तिथेच राहते. स्फटिक तापवून हे घडत नाही. स्पंदाचे ध्रुवण बदलले की ते मागेही फिरवता येते.

सिल्लोडहून जळगावकडे जाताना अजिंठ्याचा घाट उतरला की जी लेणी लागतात, तिथे हाच प्रश्न भिंतीवर दिसतो. भाताचा तूस मिसळलेल्या मातीच्या लेपावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर गेरूची रेघ. गेरूतला लाल म्हणजे हेमाटाइट, लोहाचे ऑक्साइड, आणि तेही क्षीण चुंबकत्व असलेले. हा रंग उजेडाला सहसा दाद देत नाही, परंतु त्याला धरून ठेवणारे सेंद्रिय बंधक द्रव्य तितके चिवट नसते. म्हणूनच तिथे फ्लॅशला मनाई आहे. उजेड सर्वांवर सारखा पडतो, पण काय घडेल हे ज्यावर तो पडतो त्या द्रव्यावर ठरते.

दृष्टान्तातला प्रकाश भौतिक नव्हे, असे वेदान्ती म्हणेल आणि ते रास्तच आहे. मात्र न्यायसूत्रांच्या व्याख्येप्रमाणे ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक यांचे एकमत असते तोच दृष्टान्त. परीक्षकाचे मत फिरल्यावर साक्षीचा सिद्धान्त खोटा ठरत नाही, फक्त त्याचा हा आधार निसटतो, आणि तो दुसरीकडे शोधावा लागतो. जे काही कार्य करू शकते तेच सत्, या धर्मकीर्तीच्या बौद्ध भूमिकेला अशी अडचण येत नाही, कारण ती उजेडालाही कर्त्यांच्या रांगेतच बसवते. सांख्यांनी तर दिव्याऐवजी लोहचुंबकच घेतला होता: केवळ सान्निध्याने, स्वतः न हलता, तो लोखंडाला हलवतो, तसा पुरुष प्रकृतीला. पण लोखंडही चुंबकाला तितक्याच जोराने ओढत असते.