डब्यातला काला

कचेरीत, कारखान्यात दुपारी चारपाच जण डबे एकत्र करतात. एकाने पोळ्या आणायच्या, दुसऱ्याने भाजी, तिसऱ्याने आमटी-भात. कँटीनचा खर्च वाचतो, पहाटेचे कष्टही वाटले जातात. यात गैर काही नाही. प्रपंच काटकसरीनेच करावा.

प्रश्न पुढचा आहे. महिना सरला की मनात मोजदाद सुरू होते : मी पनीर आणले, त्याने नुसती आमटी. जो चटणी-भाकरीच आणू शकतो, तो हळूच कोपऱ्यात जाऊन बसू लागतो. पैसे वाचले, माणूस तुटला. मग हा काला की भागीदारीचा व्यवहार?

आषाढी पौर्णिमेला आपण गोपाळपुरात काला करतो. दही-लाह्या एकदा कालवल्या की कोणाचे काय, हे निवडून काढता येत नाही. गोपाळांच्या शिदोऱ्यांत पेंद्याचीही शिदोरी होती. देवाने ती तोलून पाहिली नाही.

कोणी म्हणेल, अशाने आयते खाणारा सोकावेल. एखादा सोकावेलही. पण ज्याला देता येत नाही तो वेगळा आणि ज्याला द्यायचे नाही तो वेगळा. हा फरक झडती घेऊन कळत नाही, रोज सोबत जेवून कळतो. द्यायचे नाही त्याला एकांतात सांगावे. देता येत नाही त्याला न बोलता वाढावे.

बचतीचा हिशेब घरी जरूर करावा. पोळ्यांचा हिशेब पंगतीत करू नये.

रामकृष्णहरी.